ॲक्टिंग करता करता लिहायला कसं लागायचं? इसियार बोयाइनच्या करिअरवरून एक सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी प्रायोगिक नाटकात कामं करते, मध्ये सिरीयलमध्ये छोटे रोलही केलेत. आता तिला स्वतः लिहावंसं वाटतंय. तिने हल्लीच ‘ते दोय मिस ओखोस’ हा स्पॅनिश सिनेमा बघितला आणि तिला कळलं की तो लिहिणारी आणि डिरेक्ट करणारी बाई, इसियार बोयाइन, मुळात ॲक्ट्रेस आहे. तर या बाईने हे नेमकं कसं जमवलं, त्यासाठी फिल्म स्कूल लागतं का, आणि लिहायचं ठरवलं तर ॲक्टिंग सोडावी लागते का, असे तिचे तीन प्रश्न.

मी स्वतः आधी नाटकात होते, मग संवाद लिहायला लागले, आता पटकथेची वर्कशॉप्स घेते, आणि दर वर्कशॉपला इसियारचा एखादा तरी सीन दाखवतेच, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

सुरुवात तिच्या सुरुवातीपासून करू. जन्म माद्रिदचा, 1967 चा. पंधराव्या वर्षी डिरेक्टर व्हिक्तोर एरिसेच्या ‘एल सूर’मध्ये काम मिळालं, सिनेमा आला 1983 मध्ये. स्पेनमध्ये हा सिनेमा किती मोठा मानतात ते वेगळं सांगायला नको, पण त्यातला एक सीन मुद्दाम सांगते. छोटी नायिका एस्त्रेया सायकलवर बसून झाडांच्या रस्त्याने लांब लांब जाते, मागे कुत्र्याचं पिल्लू धावतंय, आणि मग त्याच रस्त्यावरून ती परत येते तेव्हा ती मोठी झालेली असते, कुत्राही मोठा झालेला असतो, सगळी मधली वर्षं त्या एका जाण्यायेण्यात गेलेली असतात. ती परत येणारी मुलगी म्हणजे इसियार. पुढे हॉटेलच्या रिकाम्या डायनिंग हॉलमध्ये बाप-लेक जेवायला बसलेत, शेजारच्या हॉलमध्ये कुणाचं तरी लग्न चाललंय, तिथून बँडवर पासोदोब्लेचं, म्हणजे स्पॅनिश नाचाचं संगीत ऐकू येतंय, बाप काहीतरी विचारू पाहतोय आणि मुलीला क्लासला जायची घाई. ती उठून जाते. बापाशी ती शेवटची भेट, पण ते तेव्हा कुणीच बोलून दाखवत नाही, सीन फक्त जेवणाचा आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला पहिल्याच कामात असा सीन करायला मिळणं म्हणजे लेखनाचा केवढा मोठा धडा आहे विचार कर, की जे सांगायचंय ते न बोलता माणसांना दुसरंच काहीतरी करायला द्यायचं.

आणि अजून एक, ‘एल सूर’ अर्धाच शूट झाला. गोष्टीचा दुसरा भाग दक्षिणेत, आंदालुसियात घडणार होता, पण निर्माता एलियास केरेखेताने शूटिंग थांबवलं आणि जेवढं झालं होतं तेवढ्याचाच सिनेमा झाला. म्हणजे स्क्रिप्ट, पैसा आणि पडद्यावर येणारी गोष्ट या तीन वेगळ्या गोष्टी असतात हे तिला करिअरच्या पहिल्या पायरीवर दिसलं.

त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं ती ॲक्ट्रेसच होती. तिचा काका हुआन सेबास्तियान बोयाइन डिरेक्टर, त्याच्याकडे काम केलं, मानुएल गुतिएरेस आरागोनच्या ‘मालाव्हेंतुरा’त केलं, चूस गुतिएरेसच्या ‘सबलेट’मध्ये केलं. हे सगळं भराभर सांगतेय कारण यातलं वेगवेगळं काही लक्षात ठेवायची गरज नाही, पण एक नक्की, वेगवेगळ्या डिरेक्टरांचे सेट ती आतून बघत होती. आणि इथेच फिल्म स्कूलचं उत्तर येतं. तिच्या उमेदीच्या वर्षांत माद्रिदला सरकारी फिल्म स्कूल नव्हतंच, जुनं होतं ते सत्तरच्या दशकात बंद पडलं आणि नवीन संस्था उभ्या राहिल्या त्या नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. त्या पिढीतले बरेच जण शॉर्ट फिल्म्स करून आणि दुसऱ्यांच्या सेटवर राबून शिकले. इसियारनेही मित्रांबरोबर ‘ला इग्वाना’ नावाची छोटी प्रॉडक्शन कंपनी काढली, 1992 ला पहिली शॉर्ट फिल्म केली, 1993 ला दुसरी. म्हणजे कुणी बोलावेल याची वाट बघत बसली नाही. तुझ्याकडे आता फोनवर शूट करायची सोय आहे, तेव्हा त्यांना रिळाचे पैसे जमवावे लागायचे.

1995 हे तिचं खरं वळणाचं वर्ष, त्यावर जरा थांबू. त्या एकाच वर्षी दोन सिनेमे आले. एकात ती ॲक्ट्रेस, ब्रिटिश डिरेक्टर केन लोचचा ‘लँड अँड फ्रीडम’, स्पेनच्या यादवी युद्धातल्या मिलिशियाची, म्हणजे सामान्य लोकांच्या लढाऊ तुकडीची गोष्ट, त्यात ती माइते नावाची लढणारी मुलगी झालीय. दुसरा तिचा स्वतःचा पहिला फीचर, ‘ओला, एस्तास सोला?’, म्हणजे ‘काय गं, एकटी आहेस का?’.

लोचची पद्धत तुला माहीत असेल तर उत्तमच, नसेल तर सांगते. तो गोष्टीच्या क्रमानेच शूट करतो, नटांना पूर्ण स्क्रिप्ट देत नाही, उद्या आपल्या पात्राचं काय होणार हे नटाला आज माहीत नसतं, त्यामुळे धक्का बसतो तो खरा बसतो. ‘लँड अँड फ्रीडम’मध्ये गाव ताब्यात आल्यावर गावकरी आणि मिलिशियावाले एका मोठ्या खोलीत बसून जमीन सगळ्यांची करायची की नाही यावर वाद घालतात, तो सीन लांबच लांब आहे, लोक एकमेकांचं बोलणं तोडतात, अडखळतात, कुणी आवाज चढवतं, आणि बघताना आपण विसरून जातो की हे कुणीतरी आखलेलं आहे. इसियार हे आतून बघत होती, आणि नुसतं बघून गप्प बसली नाही, तिने लोचवर पुस्तक लिहिलं, ‘केन लोच, उन ओब्झेर्वादोर सोलिदारियो’, 1996 ला आलं. मला तिच्या करिअरमधली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्याच्याकडे काम केलं त्याचं काम कसं चालतं ते कागदावर उतरवून काढायचं. नटाला सेटवर किती रिकामा वेळ असतो तुला माहितेय, लाइट लागेपर्यंत आपण मोबाइल बघत बसतो. तोच वेळ वहीत घाल. डिरेक्टरने कुठे काय बदललं, कुठलं वाक्य तोंडात बसत नव्हतं म्हणून उडवलं, कुठे सीन अचानक उभा राहिला, एवढंच लिहीत गेलीस तरी सहा महिन्यांत तुला स्क्रिप्ट वेगळी दिसायला लागेल.

त्याच सेटवर तिची ओळख पॉल लावर्टीशी झाली, तोही त्या सिनेमात नट म्हणून होता, पुढे तो लोचचा कायमचा पटकथाकार झाला आणि इसियारचा जोडीदार. त्याचा संबंध पुढे येतोच.

आता तिचं लेखन. आणि इथे मला जे मुख्य सांगायचंय ते सांगते. आपल्या डोक्यात लेखक म्हणजे दार लावून एकटा बसलेला माणूस असं चित्र असतं ना, इसियारचं तसं अजिबात नाही. ती जवळजवळ प्रत्येक वेळी कुणाबरोबर तरी लिहिते, आणि तो जोडीदार गोष्टीप्रमाणे बदलते. पहिला सिनेमा हुलिओ मेदेमबरोबर लिहिला. दोन पोरी, निन्या आणि त्रिनी, वायादोलिद सोडून निघतात, दक्षिणेच्या समुद्राकडे जातात, मग माद्रिदला, मध्ये एक रशियन माणूस भेटतो ज्याला स्पॅनिशचा गंध नाही. पटकथेच्या भाषेत ज्याला प्लॉट म्हणतात तो यात फारसा नाहीच, सगळी मजा त्या दोघींच्या बोलण्यात, भांडण्यात, अंथरुणात पडून चाललेल्या बडबडीत आहे. नटाच्या कानाने लिहिलेला सिनेमा आहे तो.

दुसरा ‘फ्लोरेस दे ओत्रो मुंदो’, 1999, दुसऱ्या जगातली फुलं. ओस पडत चाललेल्या गावातले बिनलग्नाचे पुरुष एकत्र येऊन बसभर बायकांना गावच्या जत्रेसारख्या कार्यक्रमाला बोलावतात, लग्नं जमावीत म्हणून. स्पेनमध्ये हे खरंच झालंय, वेस्का प्रांतातल्या प्लान गावाने 1985 मध्ये असा ताफा बोलावला होता. इसियारने यासाठी जोडीदार कोण घेतला तर हुलिओ यामासारेस, कादंबरीकार. या माणसाचं जन्मगाव धरणाच्या पाण्याखाली गेलंय आणि रिकाम्या होत जाणाऱ्या गावात एकटा उरलेला माणूस हा त्याच्या गाजलेल्या कादंबरीचा विषय आहे. म्हणजे गाव त्याला माहीत, बायकांचं आणि नटांचं तिला माहीत. डोमिनिकन रिपब्लिकमधून आलेली, दोन मुलांची आई असलेली पात्रिसिया आणि तिची स्पॅनिश सासू यांची स्वयंपाकघरातली धुसफूस बघ, कुणाच्याही घरातली वाटेल. सासूला व्हिलन करणं किती सोपं होतं, पण हळूहळू दिसतं की ती बाई एकटं पडायला घाबरलीय. हा सिनेमा फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलच्या क्रिटिक्स वीक या विभागात गाजला आणि बक्षीस घेऊन आला.

आता तू बघितलेला सिनेमा. ‘ते दोय मिस ओखोस’, 2003. सहलेखिका आलिसिया लूना. याच्या मागची एक गोष्ट फार जणांना माहीत नसते, की आधी 2000 मध्ये या दोघींनी ‘आमोरेस के मातान’ नावाची शॉर्ट फिल्म केली होती, खोट्या डॉक्युमेंटरीच्या ढंगाची, बायकांना मारणाऱ्या पुरुषांना सुधारणारं एक केंद्र कल्पून. म्हणजे फीचरच्या आधी त्यांनी छोट्या आकारात मारणारा पुरुष तपासून घेतला. तेव्हा स्पेनमध्ये हा विषय पेटलेला होता, 1997 मध्ये आना ओरांतेस नावाच्या बाईने टीव्हीवर येऊन नवऱ्याने आयुष्यभर केलेली मारहाण सांगितली आणि काही दिवसांत त्याने, तोवर घटस्फोटही झाला होता, तिला जिवंत जाळलं, अख्खा देश हादरला. अशा वेळी कुणीही रागारागात सिनेमा लिहिला असता, आणि ते रागावणं बरोबरच होतं. पण या दोघींनी अशा बायकांशी बोलून, अशा पुरुषांची थेरपी घेणाऱ्यांशी बोलून लिहिलं, आणि त्यामुळे मारणाऱ्या नवऱ्याचं, आंतोनियोचं, पात्र राक्षस न होता माणूस झालं, जे जास्त भीतीदायक आहे.

पहिला सीन आठव. रात्रीची वेळ, त्याची बायको पिलार घाईघाईने बॅग भरते, मुलाला उठवते, बस पकडून बहिणीकडे पोचते. तोपर्यंत आपल्याला काय झालंय ते कळलेलं नाही, एकही फटका दाखवलेला नाही. आणि मग तिच्या लक्षात येतं की आपण घरातल्या सपाता घालूनच बाहेर पडलोय, आणि तिथे ती कोसळते. बस, संपलं. दहा वर्षांचा संसार त्या सपातांमध्ये आला. वर्कशॉपमध्ये मी हा सीन लिहायला सांगते (सिनेमा न दाखवता, फक्त प्रसंग सांगून) तेव्हा बहुतेक जण बहिणीच्या दारात पिलारला मोठं भाषण देतात, तो असा वागतो, तो तसा मारतो. नट असलेला माणूस सहसा असं लिहीत नाही, कारण त्याला माहीत असतं की भाषण म्हणणं सोपं असतं आणि ते ऐकलं जात नाही, त्यापेक्षा हातात, पायात काहीतरी द्या, बाकी आम्ही बघतो.

तसंच आंतोनियोचं. तो फ्रीज-वॉशिंग मशीनच्या दुकानात काम करतो, भावापुढे दबलेला, थेरपीत त्याला वहीत लिहायला सांगतात, तो मनापासून प्रयत्नही करतो, आणि आपल्याला वाटायला लागतं की सुधारेल हा. तिकडे पिलार तोलेदोच्या चर्चमध्ये आणि म्युझियममध्ये चित्रांबद्दल शिकते, लोकांना समजावून सांगायला लागते, आणि तिशियान या चित्रकाराच्या ‘दानाए’ या चित्राबद्दल ती आत्मविश्वासाने बोलत असताना मागे अंधारात उभा राहून तो बघतो. तिचं फुलणं आणि त्याचं आत आक्रसत जाणं एकाच शॉटमध्ये. त्यानंतरचा बाल्कनीचा सीन तू बघितलायस, त्यावर मी काही लिहीत नाही.

या सिनेमाला 2004 च्या सोहळ्यात सात गोया, म्हणजे स्पेनचे मोठे सिनेपुरस्कार, मिळाले, त्यांत सिनेमा, दिग्दर्शन, ओरिजिनल पटकथा, आणि तीन नटांना, लाइया मारुल, लुइस तोसार, कांदेला पेन्या. दिग्दर्शनाचा गोया मिळालेली ती दुसरीच बाई, आधी फक्त डिरेक्टर पिलार मिरो. आणि त्या वर्षअखेर स्पेनच्या संसदेने बायकांवरच्या हिंसेविरुद्धचा मोठा कायदा केला. सिनेमामुळे कायदा झाला असं मी म्हणणार नाही, बायकांच्या संघटना कित्येक वर्षं झगडत होत्या, पण लोक घराघरांत ज्याबद्दल बोलत होते त्यात हा सिनेमा होता.

नटांचा उल्लेख आलाच आहे तर, कांदेला पेन्या 1995 च्या पहिल्या सिनेमात त्रिनी होती, 2003 मध्ये पिलारची बहीण, आणि 2020 च्या ‘ला बोदा दे रोसा’मध्ये रोसा. लुइस तोसार 1999 मध्ये गावातला लाजरा शेतकरी, मग आंतोनियो, मग 2010 च्या ‘ताम्बियेन ला युविया’मध्ये निर्मात्याचा रोल, मग 2021 च्या ‘माइशाबेल’मध्ये एता या बास्क दहशतवादी संघटनेचा पश्चात्ताप झालेला मारेकरी. ज्यांचा आवाज कानात पक्का बसलाय अशा माणसांसाठी लिहिणं हा ॲक्ट्रेसने लेखिका होण्याचा मोठा फायदा. तुझ्या ग्रुपमध्ये असे दोघं-तिघं असतीलच, त्यांच्यासाठी लिहायला घे.

मधल्या सिनेमांबद्दल थोडक्यात. ‘माताहारिस’ (2007) तीन बायका-डिटेक्टिव्हची गोष्ट, कल्पना छान, पण मला जरा पांगलेला वाटतो. ‘काठमांडू’ (2011) मध्ये नेपाळला गेलेली शिक्षिका एवढी पुढे येते की नेपाळ मागे राहतं, मन लागत नाही. पण या दोघांच्या मध्ये 2010 चा ‘ताम्बियेन ला युविया’ आहे आणि तो नक्की बघ. स्पॅनिश युनिट कोलंबसवर सिनेमा काढायला बोलिव्हियात जातं आणि तिथे पाण्याच्या खाजगीकरणाविरुद्ध आंदोलन पेटतं, जे कोचाबांबात 2000 मध्ये खरंच झालं. त्यात डिरेक्टर स्थानिक बायकांना सांगतो की नदीत उतरून बाळं बुडवायचा अभिनय करा, खरी बाळं नसतील, बाहुल्या देतो. बायका नाही म्हणतात. तो समजावतो, इतिहासात असं घडलंय. तरी नाही, असलं काही मनात आणणंसुद्धा त्यांना जमणार नाही. सिनेमा करणाऱ्या प्रत्येकाने बघावा असा तो सीन. आणि ही पटकथा इसियारची नाहीये, पॉल लावर्टीची आहे. तिच्या ‘एल ओलिवो’ आणि ‘युली’ या सिनेमांच्याही पटकथा त्याच्याच. म्हणजे लिहिता येत असूनही जिथे दुसऱ्याची पटकथा चांगली आहे तिथे तिने स्वतःचं नाव घुसवलं नाही. आपल्याकडे ‘कथा, पटकथा, संवाद, दिग्दर्शन’ सगळं एकाच नावावर हवं असा जो हट्ट असतो ना, तो तू धरू नकोस, मनापासून सांगते.

‘ला बोदा दे रोसा’ परत आलिसिया लूनाबरोबर. रोसा सिनेमाच्या कॉश्च्युम डिपार्टमेंटची शिवणकाम करणारी, पंचेचाळिशीला टेकलेली, बाप, भाऊ, बहीण, मुलगी सगळे तिला गृहीत धरतात, आणि ती एक दिवस उठून समुद्राकाठच्या बेनिकासिमला आईचं जुनं टेलरिंगचं दुकान उघडायला जाते आणि स्वतःशीच लग्न करायचं ठरवते. हलकाफुलका आहे, घरच्यांबरोबर बघ.

‘माइशाबेल’ मात्र एकटीने बघ. सहलेखिका ईसा काम्पो. 2000 मध्ये एताने तोलोसात हुआन मारिया हाउरेगी या राजकारण्याचा खून केला, आणि अकरा वर्षांनी त्याच्या बायकोने, माइशाबेल लासाने, तुरुंगात त्या मारेकऱ्यांपैकी एकाची भेट घेतली. सगळं खरं घडलेलं. भेटीच्या सीनमध्ये दोन खुर्च्या, मध्यस्थ बाई, आणि दोन माणसं बोलतायत, दुसरं काही नाही. आणि तू श्वास रोखून बघतेस, कारण प्रत्येक वाक्याआधी ते वाक्य बोलावं की नाही हा झगडा चेहऱ्यावर दिसतो. ब्लांका पोर्तीयोला त्यासाठी गोया मिळाला, उर्को ओलासाबालला सहाय्यक नटाचा. त्याच ओलासाबालला तिने 2024 च्या ‘सोय नेवेन्का’मध्ये पोन्फेर्रादाचा महापौर केलं, नेवेन्का फेर्नांदेस या तरुण नगरसेविकेचा लैंगिक छळ केल्याबद्दल 2002 मध्ये दोषी ठरलेला. केस जिंकूनही नेवेन्कालाच देश सोडावा लागला होता. लेखिका पुन्हा ईसा काम्पो आणि ती.

शेवटचा प्रश्न, ॲक्टिंग सोडू का. तारखा बघ. दोन फीचर फिल्म्स नावावर झाल्यावर, 2000 मध्ये, होसे लुइस बोराउच्या ‘लेओ’मध्ये तिने मुख्य रोल केला आणि त्यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं गोया नामांकन मिळालं. 2002 मध्ये पोर्तुगीज लेखक सारामागोच्या कादंबरीवरच्या सिनेमात होती. सात गोया घरात आल्यानंतरही 2009 मध्ये सेबास्तियान कोर्देरोच्या ‘राबिया’त छोटा रोल केला. नंतर लिहिणं आणि डिरेक्शन वाढत गेलं तसे रोल आपोआप कमी झाले. तेव्हा तू ऑडिशनला जात राहा, सिरीयलचे दिवस मिळाले तर घे, भाडं त्यातूनच निघणार आहे. सोबत एक करायचं, या महिन्यात एक माणूस शोध, ज्याला तुला माहीत नसलेलं जग माहीत आहे, आणि त्याच्याबरोबर दहा मिनिटांची एक स्क्रिप्ट लिहून काढ. झाली की तुझ्या नाटकातल्या दोन नटांकडून मोठ्याने वाचून घे, आणि जिथे त्यांची जीभ अडखळेल तिथे पेन्सिलने खूण कर.